कापसाचा भाव न्यूयॉर्कवरून आपल्या काट्यापर्यंत कसा येतो, ते घरबसल्या कसं मोजायचं

सीतादही (कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा) झाली की गावात एकच चर्चा, यंदा भाव काय निघतो. अन डिसेंबर लागला की दुसरी, भाव पडला काऊन. पानटपरीवर उत्तरं तयारच असतात, व्यापाऱ्यानं पाडला नाहीतर सरकारनं पाडला, अन दोन्हीत थोडं थोडं तथ्य आहे, पण राजेहो, भाव जिथं बनतो ती जागा हिंगणघाटच्या यार्डात पण नाही अन अकोटच्या पण नाही. श्रीमंत देश गरीब देशाशी बरोबरीनं व्यवहार करत नाही हे भाषणात लय वेळा ऐकलं, पण आपल्या एका क्विंटलवर हा व्यवहार किती रुपयानं तिरपा आहे हे कोणी मोजून दाखवत नाही. ते मोजायची रीत लिहून राहिलो. वही पाहिजे, मोबाईलातला कॅल्क्युलेटर पाहिजे, अन तुमची काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती. घरात बारावीतली पोरगी असेल तर तिला सोबत घेऊन बसा, गुणाकार अन टक्केवारी एवढंच आहे.

आधी आपला स्वतःचा आकडा

काटापट्टी अन चुकाऱ्याची पावती जपून ठेवायची सवय आपल्याकडं कमी. खेडा खरेदीत तर कागदच मिळत नाही, गाडी दारात येते, काटा त्याचा, ओलावा तो बोटानं दाबूनच सांगतो, अन पैसे मोजून निघून जातो. तरी स्वतःच्या वहीत तारीख, वजन, बोललेला भाव, कटती (ओलावा-घाणीच्या नावानं कापलेलं वजन किंवा पैसे), अन शेवटी हातात किती पडले एवढं लिहाच. हातात पडलेले पैसे भागिले वजन, हा तुमचा खरा भाव. बोललेला भाव लग्नाच्या पत्रिकेत छापायचा.

दुसरा आकडा रुईच्या उताऱ्याचा, रुई म्हणजे सरकी काढलेला कापूस. क्विंटलभर कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते, एकदोन किलो घट जाते, बाकी सगळी सरकी. आपण कापूस विकतो पण जगाच्या बाजारात विकली जाते ती रुई, अन त्यामुळं उतारा माहीत असल्याशिवाय आपला भाव अन त्यांचा भाव एका पारड्यात ठेवताच येत नाही. ओळखीच्या जिनिंगवाल्याला फोन करा, यंदा उतारा काय पडून राहिला विचारा, तो सांगतो, त्यात लपवण्यासारखं काही नसतं. मी ३४ धरून चालतो. सोबत सरकीचा भाव लिहून ठेवा, तो ज्यांच्या घरी दुधाची जनावरं आहेत त्यांना पाठ असतो कारण ढेपीचा भाव त्याच्यावरच हलतो.

आता समुद्रापलीकडचा

दोन भाव पाहायचे असतात. एक न्यूयॉर्कचा वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या सौद्याचा भाव, आयसीई नावाच्या एक्स्चेंजवरचा, तो एका पाउंडाला इतके सेंट असा बोलला जातो. दुसरा कॉटलुक ए इंडेक्स, तो लिव्हरपूलजवळची एक संस्था काढते, त्यात रुई आशियातल्या बंदरावर येऊन पोचेपर्यंतचं भाडं धरलेलं असतं म्हणून तो वायद्यापेक्षा वर राहतो. व्हॉट्सॅपवर जो "आंतरराष्ट्रीय भाव" म्हणून फिरतो तो बहुतेक वेळा वायदा असतो, अन लोक तो घेऊन आपल्या भावाशी ताडून पाहतात मग गणित चुकतं. आपल्या कामाचा कॉटलुकचा.

समजा कॉटलुक ७५ सेंट आहे. एका किलोत २.२०४६ पाउंड, म्हणजे किलोला १६५.३ सेंट, म्हणजे १.६५३ डॉलर. डॉलर ८८ रुपये धरा, तर एक किलो रुई १४५ रुपये ५० पैसे. आपल्या क्विंटलात ३४ किलो रुई, त्याचे झाले ४,९४७ रुपये. सरकी ६४ किलो, ३३ रुपये किलो धरली तर २,११२. दोन्ही मिळून ७,०५९. यातून जिनिंग-प्रेसिंग, हमाली, भाडं, व्यापाऱ्याचा वाटा हे काहीशे रुपये जातात, तर यार्डात साडेसहा हजारापासून अडुसष्टशेपर्यंत भाव निघाला तर तो जगाच्या भावाला धरूनच आहे. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही त्या दिवशीचा सेंट अन त्या दिवशीचा डॉलर टाका.

पेपरात खंडीचा भाव येतो, एक खंडी ३५६ किलो रुईची, तर त्याला ३५६ नं भागा. गाठ म्हटलं की आपल्याकडं १७० किलो, अमेरिकेची गाठ ४८० पाउंडाची, साधारण २१८ किलो. बातमीत "इतक्या लाख गाठी" वाचताना कोणाच्या गाठी ते पाहा, नाहीतर तुलना फसते.

आता ही वजाबाकी कशासाठी केली. तुमचा खरा भाव अन हा काढलेला भाव यात खर्च धरूनही पाचसातशेचा फरक दिसला तर लूट गावातच आहे, काट्यात आहे, कटतीत आहे, ओलाव्याच्या नावाखाली आहे, अन त्याची तक्रार बाजार समितीत करता येते, सीसीआयचं (हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाचं) केंद्र चालू असेल तर तिकडं माल नेता येतो. सीसीआय ८ ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत घेते, ८ च्या वर भाव कापत जाते, अन २०२५ च्या हंगामापासून कपास किसान ॲपवर आधी नोंदणी लागते, ती ऐन वेळी करायला गेलं तर सर्व्हर अन सातबारा दोन्ही रुसतात. पण फरक दिसलाच नाही, तर अडत्याच्या अंगावर धावून काही फायदा नाही, तो स्वतः सकाळी उठून तोच सेंटचा आकडा पाहून बोली लावून राहिला. मग वरच्या पायरीकडं पाहायचं.

आयात शुल्क म्हणजे नेमका किती रुपयांचा धुरा, म्हणजे बांध

२०२१ च्या बजेटात बाहेरच्या रुईवर एकूण ११ टक्के शुल्क लागलं. मग २०२२ च्या एप्रिलात ते काही महिन्यांसाठी काढलं. मग २०२५ च्या १९ ऑगस्टपासून परत काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत म्हटलं अन मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं, म्हणजे आपली वेचणी सुरू होऊन पहिला-दुसरा वेचा बाजारात येईपर्यंत. हे बरं की वाईट यावर टीव्हीवर तासभर भांडण चालतं, आपण फक्त गुणाकार करू. वरच्या उदाहरणात रुईचे ४,९४७ होते, त्याचे ११ टक्के ५४४ रुपये. म्हणजे बाहेरची रुई गिरणीच्या दारात येऊन पडते तेव्हा शुल्क असलं तर आपल्या क्विंटलाला साडेपाचशेच्या आसपास आडोसा असतो अन शुल्क काढलं की तो जातो. आडोशाचे सगळे पैसे आपल्या खिशात येत होते असंही नाही, मधले लोक आहेतच, पण बोली कुठपर्यंत खाली जाऊ शकते हे त्यानं ठरत होतं.

अन हे काढलं कधी, तर अमेरिकेनं आपल्या मालावरचा टॅरिफ २७ ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्क्यांवर नेला त्याच्या आठवडाभर आधी. कापड-कपडे निर्यात करणाऱ्या गिरण्यांना स्वस्त रुई पाहिजे होती, ती मागणी जुनी होती, अन अमेरिकेला आपली रुई विकायची होती, ती मागणी पण जुनी. तिरुपूरच्या कपड्याच्या कारखान्यावर अन यवतमाळच्या वावरावर एकाच वेळी ताण आला अन त्यात वावर हरलं. मोठा देश आपल्या दारात टॅरिफ लावतो तेव्हा लहान देशाच्या आत कोणाला सोडायचं हे लहान देशानं ठरवायचं असतं, हा प्रकार मला टॅरिफपेक्षा जास्त खुपतो.

त्यांच्या कास्तकाराला काय मिळतं ते पण त्याच कॅल्क्युलेटरवर काढा

इथं लोक एकदम "अमेरिका अब्जावधी सबसिडी देते" म्हणून मोकळे होतात, पण नुसतं तसं म्हणून समजत नाही. अमेरिकेत सरकीसकट कापसासाठी एक संदर्भ भाव कायद्यात लिहिलेला आहे, तो २०१८ पासून पाउंडाला ३६.७ सेंट होता, २०२५ च्या कायद्यानं ४२ सेंट केला. काढा बरं: ४२ गुणिले २.२०४६ म्हणजे किलोला ९२.६ सेंट, ८८ नं गुणलं तर ८१ रुपये ४८ पैसे, म्हणजे क्विंटलला ८,१४८ रुपये. आपला २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला ८,११० अन मध्यम धाग्याला ७,७१०. पाहून मी दोनदा गणित तपासलं होतं. आकडा जवळजवळ एकच!

मग फरक कुठं आहे. तिथं बाजारभाव संदर्भ भावाखाली गेला की मधला फरक सरकार कास्तकाराच्या खात्यात टाकतं, त्याच्या नोंदलेल्या जुन्या क्षेत्राच्या ८५ टक्क्यांवर, माल कोणी घ्यायची गरज नाही, ग्रेडर नाही, रांग नाही, केंद्र बंद नाही, अन एका माणसाला वर्षाला १,५५,००० डॉलरपर्यंत मिळू शकतात, म्हणजे १ कोटी ३६ लाखाच्या वर. आपल्याकडं हमीभाव तेव्हाच खरा जेव्हा तुमची गाडी केंद्राच्या आत गेली. शिवाय तिथं गोदामातल्या रुईवर नऊ महिन्यांचं कर्ज मिळतं, अन भाव वर आलाच नाही तर रुई सरकारला देऊन कर्ज मिटवता येतं. म्हणजे तो मेपर्यंत, जूनपर्यंत थांबू शकतो. आपण? घरात कापूस भरला की पोरांच्या अंगाला खाज सुटते, उंदीर होतात, बिडीच्या ठिणगीची भीती, अन त्यात कृषी केंद्राची उधारी दिवाळीलाच दारात उभी. दोघांचा भाव कागदावर सारखा असला तरी एकाला थांबता येतं अन दुसऱ्याला थांबता येत नाही, अन माझ्या मते सगळी असमानता या एका गोष्टीत आहे, बाकी सगळं तिच्यामागून येतं.

यात आणखी एक पेच आहे. तिथल्या कास्तकाराला पडलेल्या भावाचा चटका पूर्ण बसत नाही तर तो पेरणी पण पूर्ण कमी करत नाही, माल येतच राहतो, अन तो माल जगाच्या बाजारात भाव आणखी खाली दाबतो, जो शेवटी आपल्या यार्डात येऊन आदळतो. हे माझं म्हणणं नाही. ब्राझीलनं २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेवर केस टाकली, २००४ मध्ये निकाल लागला अन २००५ मध्ये अपिलातही तो टिकला की त्या काळच्या कापूस सबसिडीनं जगाचा भाव दबला. जिंकला ब्राझील. मग काय झालं, अमेरिकेनं वर्षानुवर्षं टाळलं, ब्राझीलला बदल्याचं शुल्क लावायची परवानगी मिळाली, अन शेवटी २०१४ मध्ये अमेरिकेनं ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

आफ्रिकेतले माली, बुर्किना फासो, बेनिन अन चाड हे चार देश, तिथं पण आपल्यासारखीच कोरडवाहू पऱ्हाटी, हातानं वेचणी. त्यांनी २००३ मध्ये हाच प्रश्न मांडला, त्याच सप्टेंबरात कॅनकूनची बैठक मोडली अन तो लटकला. निर्यातीवरची सबसिडी बंद करायचं २०१५ च्या नैरोबी बैठकीत ठरलं, पण देशातल्या मदतीचा मोठा प्रश्न तसाच आहे. ब्राझीलकडं वकील होते, पैसा होता, अन अमेरिकेला बदल्यात दुखवता येईल असा बाजार होता. मालीकडं यातलं काय आहे? कागदावर संघटनेत सगळ्या देशांना एकेकच मत आहे. अन आता तर तिथलं अपील मंडळच डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, अमेरिका नवीन सदस्य नेमू देत नाही, म्हणजे हरणाऱ्यानं अपील टाकलं की केस अधांतरी.

आपल्यावरही आरोप आहे बरं का. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेनं त्याच संघटनेत नोटीस दिली की भारत कापसाला मर्यादेबाहेर आधार देतो. ती मर्यादा कशी मोजतात ते ऐका: आजचा हमीभाव घ्यायचा, अन त्यातून वजा करायचा १९८६-८८ चा भाव, जेव्हा डॉलर १३ रुपयांच्या आसपास होता. तो फरक म्हणजे म्हणे आपली सबसिडी, अन ती उत्पादनाच्या एकूण किमतीच्या १० टक्क्यांच्या आत पाहिजे. संघटनेच्या याच शेती करारात अमेरिकेला वर्षाला १,९१० कोटी डॉलरपर्यंतची सूट मात्र लिहून मिळालेली आहे, कारण करार झाला तेव्हा जे आधीपासून जास्त देत होते त्यांना त्यांच्या जुन्या आकड्यावरून हक्क मिळाला अन जे कमी देत होते त्यांना कमीच. आमदारकी-खासदारकीच्या सभेत कोणी "हमीभाव दुप्पट करू" म्हटलं की हा १९८६ वाला प्रश्न विचारून पाहा, स्टेजवर शांतता होते.

थोडं जुनं, कारण रूळ अजून तसेच आहेत

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला, मँचेस्टरच्या गिरण्या बसल्या, अन विलायतेची नजर वऱ्हाडावर आली, जे निजामाकडून १८५३ मध्येच इंग्रजांनी आपल्या ताब्यात घेतलं होतं. भाव चढला, काळी जमीन कापसाखाली गेली. १८६५ ला तिथलं युद्ध संपलं अन इथला भाव बसला. रेल्वे मात्र येत राहिली: १८६७ ला नागपूर, १८७० ला जलंब-खामगाव फाटा जो उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. पुढं मूर्तिजापूर-यवतमाळ-अचलपूरची शकुंतला नावाची छोटी रेल्वे. नकाशावर बोट ठेवून पाहा, कापसाच्या गावापासून मुंबईच्या बंदरापर्यंत रस्ता पक्का, पण खामगाववरून शेजारच्या बाजाराला जायला बैलगाडीच. दादाभाई नौरोजी १८६७ पासून लंडनमध्ये ओरडून सांगत होते की इथली संपत्ती तिकडं वाहून जाते. तेव्हा राज्य त्यांचं होतं म्हणून समजायला सोपं होतं. आता राज्य आपलं आहे अन भाव तरी तिकडूनच येतो, म्हणून ही वहीची भानगड.

टीशर्टचं गणित

हे पोरांना करायला द्या, त्यांना आवडतं. साधा कॉटनचा टीशर्ट १८० ग्रॅमचा धरा. सूतकताईत अन कापणीत जी नासधूस जाते ती धरून सव्वादोनशे ग्रॅम रुई लागली समजा. ३४ च्या उताऱ्यानं त्याला कापूस लागला साधारण ६६० ग्रॅम. ७,००० रुपये क्विंटलनं किलोला ७०, म्हणजे त्या टीशर्टात आपल्या पऱ्हाटीचे ४६ रुपये, अन त्यात सरकीचा पैसा पण आला. युरोपातल्या दुकानात तो १० युरोला विकला, युरो १०० रुपये धरला, तर हजारातले ४६. डवरणी, फवारणी, वेचाई, पावसाचा भरवसा नाही ती जोखीम, सगळं त्या शेचाळीसमध्ये. बाकीचं सूत, कापड, शिलाई, जहाज, अन सगळ्यात जाड वाटा शिक्का मारणाऱ्या ब्रँडचा, दुकानाच्या भाड्याचा अन तिथल्या कराचा.

मग माणूस म्हणतो, इथंच टीशर्ट शिवून विका ना. तर त्याची पण सोय करून ठेवली आहे. युरोपात कच्च्या रुईवर साधारण शुल्क शून्य, सुतावर ४ टक्के, कापडावर ८, शिवलेल्या कपड्यावर १२. अमेरिकेत कॉटनच्या टीशर्टवर साधं शुल्कच १६.५ टक्के, नवीन टॅरिफ त्याच्या वर. कच्चा माल द्या, दार उघडं. जसजसं आपण त्यावर हात फिरवू तसतसं दार बारीक. १९७४ पासून २००४ संपेपर्यंत तर गरीब देशाच्या कपड्यावर देशागणिक कोटाच होता. बांगलादेशसारख्या अतिगरीब देशाला युरोपनं २००१ पासून शुल्कमाफी दिली, त्यानं तिथं कारखाने उभे राहिले हे खरं, पण २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राना प्लाझा कोसळून ११०० च्या वर कामगार मेले ते पण त्याच स्वस्त शिलाईच्या चढाओढीत.

विकतो एका बाजारात, घेतो दुसऱ्या बाजारात

आता वहीचं दुसरं पान. डावीकडं जे विकलं ते, उजवीकडं जे विकत आणलं ते: बियाणं, डीएपी, पोटॅश, फवारणी, डिझेल. प्रत्येकापुढं लिहा की हे घ्यायला कापूस किती किलो लागला. रुपयात लिहू नका, कापसाच्या किलोत लिहा. पोटॅश जवळपास सगळा बाहेरून येतो, कॅनडा, रशिया, बेलारूसकडून, डिझेलचं कच्चं तेल बाहेरून, म्हणजे उजवी बाजू डॉलरवर चालते. डावी पण डॉलरवरच चालते, पण भाव पडताना लगेच चालते अन चढताना रस्त्यात थांबवली जाते. प्रेबिश अन सिंगर नावाच्या दोन अर्थतज्ज्ञांनी १९५० च्या सुमारास हेच मांडलं होतं की कच्चा माल विकून पक्का माल घेणाऱ्या देशाला वर्षं जातात तसं तेवढ्याच सामानासाठी जास्त जास्त कच्चा माल द्यावा लागतो. दरवर्षी तसं होतंच असं नाही, २०११ च्या मार्चमध्ये वायदा पाउंडाला दोन डॉलरच्या वर गेला होता, २०२२ च्या मेमध्ये दीड डॉलरच्या वर. पण तुमची वही सलग काही वर्षांची झाली की कल कळतो.

जुने लोक सांगतात की आमच्या काळी क्विंटलभर कापसात तोळाभर सोनं यायचं. ऐकायला मस्त, पण सोन्याची फूटपट्टी वापरू नका, सोन्याचा भाव जगाच्या भीतीवर चढतो, त्याच्याशी मोजलं तर कोणतंही पीक रडवेलंच दिसणार. डीएपीची बॅग अन वेचाईची मजुरी या दोन पट्ट्या चांगल्या.

बियाण्याची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे कारण त्यात सरकारनं मनावर घेतलं तर काय होतं ते दिसतं. बीटी, म्हणजे बोंडअळीला आतूनच मारणारं कापसाचं बियाणं, २००२ ला आलं. २००६ पर्यंत ४५० ग्रॅमचं पाकीट १६०० च्या वर विकलं जात होतं, त्यात अमेरिकन कंपनीच्या तंत्रज्ञानाची फीच जाडजूड होती. आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडं गेलं अन भाव ७५० वर आला. २०१६ मध्ये केंद्रानं ती फी पाकिटाला ४९ रुपये केली, मग ३९, मग २०, अन २०२० पासून शून्य. तोपर्यंत गुलाबी बोंडअळीनं बीजी टूला (बीटीच्या पुढच्या वाणाला) जुमानणं पण सोडलं होतं, ही गोष्ट वेगळी. २०२५ ला पाकीट ९०१ रुपयांना होतं.

फवारणीच्या बाटलीवर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं तांत्रिक नाव असतं, ते मोबाईलवर शोधून पाहा की ज्या देशात ते बनतं तिथं ते वापरायला परवानगी आहे का. पॅराक्वाट युरोपात २००७ पासून बंद आहे, पण त्यानंतरही इंग्लंडच्या कारखान्यातून ते दुसऱ्या देशांना जात राहिलं. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ ला फवारणीच्या विषबाधेत वीसच्या वर माणसं गेली, त्या वर्षानंतर तरी हे नाव वाचायची सवय सगळ्या गावांना लागायला पाहिजे होती.

सोयाबीनवाल्यांसाठी

रीत तीच, बाजार शिकागोचा, भाव बुशेलला सेंटमध्ये. एका टनात ३६.७४ बुशेल. १,०५० सेंट असेल तर टनाला ३८६ डॉलर, म्हणजे ८८ नं क्विंटलला ३,४०० च्या जवळ, भाडं सोडून. आपला हमीभाव २०२५-२६ चा ५,३२८. म्हणजे बाहेरचं सोयाबीन मोकळं सोडलं तर आपलं काय होईल ते दिसतंच. २०२१ च्या ऑगस्टात भाव दहा हजाराला टेकला होता, त्याच महिन्यात १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली अन डिसेंबरात वायदे पण बंद केले. कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २०२५ च्या मे अखेर २० वरून १० टक्के केलं. तेव्हा सगळा दोष शिकागोचा नाही. शहरातला तेलाचा डबा स्वस्त ठेवायची किंमत कोणी भरायची हे दिल्लीत ठरतं, अन कापसाची निर्यात २०१० ला अडवली, २०१२ च्या मार्चमध्ये बंद केली तेव्हा पण तसंच होतं. श्रीमंत देश गरीब देशाला जसं वागवतो तसंच शहर गावाला वागवतं, अन संत्र्याच्या बाबतीत बांगलादेशनं शुल्क चढवलं तेव्हा आपल्याला तोच चटका शेजाऱ्याकडून बसला.

याचं करायचं काय

एकट्यानं वही भरून भाव वाढत नाही, ते सांगून ठेवतो, उगाच अपेक्षा नको. पण थांबायची ताकद थोडी थोडी विकत घेता येते. सोयाबीन, तूर, हरभरा असेल तर बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, ६ टक्के व्याज, मुदत १८० दिवस. सगळ्या समित्या ती चालवत नाहीत, नसेल चालवत तर संचालकाला विचारा काऊन नाही, निवडणुकीच्या वर्षात विचारा. कापसाला दहा-पंधरा जणांनी मिळून जिनिंगवाल्याकडून भाड्यानं जिन करून रुई अन सरकी वेगळी विकायचा हिशोब एकदा कागदावर तरी करा. पटला तर एकाच गाडीपासून सुरू करा, रुईच्या गाठीला आग लागायची भीती कापसाच्या गंजीपेक्षा कमी अन गोदाम मिळायला सोपं. उधारी दिवाळीऐवजी फेब्रुवारीत द्यायचं कृषी केंद्राशी आधीच बोलून घ्या, व्याज विचारा, अन ते व्याज थांबण्याच्या फायद्यापेक्षा जास्त असेल तर गुपचूप विकून टाका, थांबण्यात काही मर्दुमकी नाही.

अन ग्रामपंचायतीच्या फळ्यावर जिथं पाणीपट्टीची थकबाकी लिहितात त्याच्या बाजूला तीन आकडे रोज लिहायला एखाद्या पोराला सांगा: कॉटलुकचा सेंट, डॉलरचा भाव, सरकीचा भाव. खाली काढलेला क्विंटलचा भाव. खेडा खरेदीची गाडी गावात शिरताना ड्रायव्हर तो फळा वाचतोच. महिन्यातून एकदा, ८ ते १२ तारखेच्या दरम्यान, अमेरिकेच्या कृषी खात्याचा जगभराच्या पिकाचा अंदाज येतो, त्या रात्री वायदा हलतो. उन्हाळ्यात अन पावसाळ्यात तो आपल्या साडेनऊला येतो, नोव्हेंबरपासून साडेदहाला. माल विकायचं त्याच आठवड्यात असेल तर तो आकडा पाहून मग दुसऱ्या दिवशी गाडी भरा.